मंगळवारी थांबणारे ठिपके

“आत्या, आज परत संप,” धांदल म्हणाली आणि स्टुलावर सरकून तिने आत्याला अर्धी जागा करून दिली.

दुपारचे सव्वाबारा वाजले होते, पण मायक्रोस्कोपच्या खोलीला त्याचा पत्ता नव्हता. खोलीला खिडकी नव्हती, आणि दाराच्या फटीलाही काळं कापड चिकटवलेलं होतं. आत्याने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि उरलेल्या अर्ध्या स्टुलावर कशीबशी टेकली. पडद्यावर सात-आठ गोल पेशी होत्या, द्राक्षं पसरून ठेवावीत तशा. प्रत्येकीच्या पोटात पाच-सहा हिरवे ठिपके. काल सोमवारी हेच ठिपके घर पालथं घालणाऱ्या मुलांसारखे पेशीभर हुंदडत होते. आज जो तो आपापल्या जागी नुसता थरथरत होता.

“काल तर चांगले होते,” आत्या म्हणाली.

“काल होते. उद्याही असतील. मंगळवार नि शुक्रवार आला की यांचं बिनसतं. मी कॅलेंडरवर खुणा केल्यात, बघा हवं तर. चार महिन्यांत एक मंगळवार सुटलेला नाही.”

आत्याने कॅलेंडर बघितलं नाही. ती ठिपक्यांकडे बघत राहिली.

धांदल हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. पाच वर्षांपूर्वी संशोधनाला म्हणून आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने दोन चंबू, एक थर्मामीटर आणि सरांचा चहाचा कप फोडला, तेव्हा आत्यानेच ते नाव ठेवलं होतं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी दीड वर्षाची झाली, तरी नाव तेच राहिलं. आता तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून पेन काढायला जावं तर अंगठ्याएवढा मोजा हाती लागायचा. आत्या मात्र कुणाचीच आत्या नव्हती आणि सगळ्यांची होती. एकतीस वर्षं ती या प्रयोगशाळेत पेशी सांभाळत आली होती. तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा तिला आत्याच म्हणत.

पेशी म्हणजे यीस्ट. पाव फुगवायला वापरतात तेच. आत्या संध्याकाळी चंबूत गोड काढा भरून त्यात चिमूटभर यीस्ट सोडायची आणि चंबू हलत्या फळीवर ठेवून घरी जायची. रात्रभरात ते सगळी साखर फस्त करून सकाळपर्यंत सुस्त पडलेलं असायचं. मग बरोबर नऊ वाजता आत्या त्यातलं थोडं काढून ताज्या काढ्यात घालायची. तीन तास खाऊनपिऊन पेशी टवटवीत झाल्या की बारा वाजता धांदल त्या काचेवर घ्यायची. हे नऊ वाजताचं खाणं आत्याच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. सुट्टी असो, पाऊस असो, अंगात कणकण असो. स्वतःच्या मुलाला शाळेत पोचवायला तिने कैकदा शेजारणीला गळ घातली, पण पेशींना कधी ताटकळत ठेवलं नाही. खाणं दिलं की नोंदवहीत तारीख, वेळ, सही. नव्या मुलांना सर सांगायचे, घड्याळ बिघडलं तर आत्याची वही बघा.

ते हिरवे ठिपके पेशीने स्वतःच बनवलेले होते. धांदलने पेशीला तशी शिकवण दिली होती. एक मोठा, गोल, चकाकणारा गोळा, पेशीतल्या मोठमोठ्या रेणूंच्या आकाराचा. तो किती लांब जातो, कुठे अडतो, कसा सुटतो, हे मोजायचं एवढंच तिचं काम होतं, आणि त्यात पाच वर्षं गेली होती. पहिल्यांदा तिने हे आत्याला समजावलं तेव्हा म्हणाली होती, पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नाही हो आत्या, आत तिळाएवढी जागा मोकळी नसते, सगळं खचाखच भरलेलं, बारीकसारीक रेणू फटीतून निघून जातात, पण मोठ्यांचं काय होत असेल?

आत्याने फार विचार न करता सांगितलं होतं, “आमच्या जुन्या घरासारखं होत असेल.”

जुनं घर म्हणजे दोन खोल्या आणि आठ माणसं. सासू, सासरे, दोन दीर, जाऊ, तिचं पोर, आणि आत्या नि तिचा नवरा हे दोघं. एकदा दिरांनी लोखंडी कपाट आणलं. मांजर सगळ्यांच्या पायांतून सहज जात-येत होतं, कपाट मात्र उंबऱ्यातच अडलं. कुणीही ते नेटाने ढकललं नाही. सासूबाईंनी पाय आखडले, जावेने पिंप उचललं, पोर खाटेखालून निघून खाटेवर गेलं, आणि दर वेळी कपाटाला वितभर जागा मिळाली. अर्ध्या तासाने ते पलीकडच्या भिंतीला लागलेलं होतं, आणि कुणी हलवलं ते कुणालाच सांगता येईना. धांदलने हे ऐकून हसता हसता वहीत लिहून घेतलं होतं.

आज ती हसत नव्हती. येत्या सोमवारी कमिटी होती. कमिटी तिला आणखी एक वर्ष देणार की पाच वर्षांचं काम गुंडाळायला लावणार, हे त्या दिवशी ठरणार होतं. आणि हाती काय, तर काही दिवस पळणारे आणि काही दिवस रुसलेले ठिपके.

सर आले ते दाराचं कापड जपून बाजूला करत. माणूस मायाळू, पण बोलणं सरळ. त्यांनी पडदा बघितला, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, “यीस्टला वार कळत नाही. वार कळतो माणसाला. मंगळवारी-शुक्रवारी तुझ्या घरी काय असतं?”

धांदलने जरा अडखळत सांगितलं की त्या दोन दिवशी नवरा पहाटेच कामावर जातो, मुलीला पाळणाघरात तिलाच सोडावं लागतं, आणि मुलगी दारात गळ्यात पडून रडते.

सरांनी मान हलवली. म्हणाले, मग तू घाईत असतेस, काच जोरात दाबत असशील, पेशी चेपल्या की ठिपके थांबणारच. मग त्यांनी नोंदवही मागवली. आत्यानेच ती आणून दिली. सरांनी बोटाने एक-एक ओळ खाली सरकत पाहिली. नऊ, नऊ, नऊ, नऊ.

“खाण्यात फरक नाही,” ते म्हणाले. “म्हणजे हातात आहे. ते दिवस काढून टाक, आणि कमिटीपुढे हात चुकला म्हणून सांग. खोटं बोलण्यापेक्षा ते बरं.”

धांदलने आपले दोन्ही हात पडद्याच्या उजेडात धरले आणि उलटसुलट करून पाहिले, जणू ते कुणी दुसऱ्याने वापरायला दिले होते.

आत्या वही घेऊन बाहेर आली.

चार महिन्यांपूर्वी आत्याच्या नवऱ्याची डावी बाजू गेली होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अख्खं आयुष्य माणसांना वर नेऊन सोडण्यात गेलं, आणि आता त्याला पलंगावरून खुर्चीवर यायला दोन माणसं लागत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पावणेनऊला व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे त्याला न्यावं लागायचं. ते आटपून, त्याला घरी सोडून, आत्या बसने कामावर पोचेपर्यंत सव्वाअकरा व्हायचे. त्यानंतर खाणं. मग पेशींच्या वाट्याला तीन तासांऐवजी जेमतेम अर्धा तास यायचा.

सरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, हे तिलाही ठाऊक होतं. पण विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे ते खरं व्हायचं. ती मनाला समजावत होती की महिनाभरात हा चालायला लागेल, तोवर निभावून नेऊ. पहिल्या मंगळवारी तिने मुद्दाम काही केलं नव्हतं. एकतीस वर्षांच्या सवयीने हातानेच नऊ लिहून टाकले. लिहिल्यावर तिने घड्याळ बघितलं, अकरा वाजून पस्तीस. तिच्या वहीत तोवर एकही खाडाखोड नव्हती. ती तशीच उभी राहिली, मग वही मिटली. शुक्रवारी मात्र तिने जाणूनबुजून नऊ लिहिले. त्यानंतर प्रत्येक वेळी.

फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या वहीत तिची येण्याची खरी वेळ रोज सहीनिशी पडत होती. दोन वह्या शेजारी ठेवून बघायची गरज कुणालाच पडली नव्हती. आत्याच्या वहीबद्दल शंका घेणार कोण?

त्या संध्याकाळी ती नवऱ्याच्या डाव्या हाताची बोटं चोळत होती. बाईंनी सांगितलं होतं, रोज पाऊण तास, एक-एक सांधा. खिडकीतून अजून ऊन येत होतं. आठ माणसांचं घर आता दोघांवर आलं होतं. मुलगा दूरच्या शहरात, दीर-जावा आपापल्या घरी, सासू-सासरे कधीच गेलेले. खोल्या त्याच, पण कुठेही जायला वाट करावी लागत नव्हती, आणि जायला कुणी नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली, “लिफ्ट तपासली नाही आणि तपासली असं लिहिलं, असं कधी केलंत?”

त्याची जीभ अजून जड होती. शब्द तो एक-एक करून, जिन्याने चढवल्यासारखे वर आणायचा.

“एकदा,” तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, “पडली नाही.”

“मग?”

“पडली असती तर बरं झालं असतं. लगेच कळलं असतं. रोज चालायची. रोज मी जिन्याने जायचो.”

आत्या चोळायची थांबली. त्याने डोळ्यांनीच बोट दाखवलं, अजून करंगळी राहिलीय. तिने करंगळी घेतली. किती दिवस जिन्याने गेलात, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, अकरा. आणि मग मुकादमाला सांगितलं. मुकादमाने दिलेल्या शिव्यांपैकी एक नवऱ्याने इतक्या स्पष्ट उच्चारात म्हणून दाखवली की चार महिन्यांत पहिल्यांदा दोघंही एकदम हसली.

बुधवारी आत्या साडेआठलाच आली. नऊ वाजता तिने पेशींना खाणं दिलं आणि वही न लिहिता ती हातात घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. धांदल आली ती नेहमीसारखी, एक बाही कोटात, एक बाहेर. आत्याने तिला स्टुलावर बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. नवऱ्याचं, व्यायामाचं, बसचं, नऊचं. मध्ये कुठे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

धांदलने दुसरी बाही कोटात घातली.

“चार महिने,” ती शेवटी म्हणाली. “आत्या, मी चहा सोडला. हात कापतात म्हणून. डोळे तपासून आले. गेल्या शुक्रवारी मुलगी गळ्यात पडली तर मी तिचे हात सोडवून तिला पाळणाघरवालीकडे दिली, चिडून, की हिच्यामुळे माझं काम नासतंय. दीड वर्षाची आहे ती.”

आत्याला वाटलं, तिने ओरडावं. ते सोसलं असतं. हे हळू आवाजातलं सोसवेना.

“मला माफ कर, असं म्हणत नाही,” ती म्हणाली. “सरांना तू सांगतेस की मी सांगू, ते तू ठरव. पण तुझ्या हातांचा यात काही दोष नाही, हे आधी ऐकून घे.”

धांदल उठली, खिडकीशी गेली, परत आली. राग तिच्या चेहऱ्यावर होताच, पण त्याच्या आडून दुसरंच काहीतरी डोकावायला लागलं होतं, आणि ते दडपायचा तिने मनापासून प्रयत्न केला. जमलं नाही.

“किती वाजता खायला घातलंत?” तिने विचारलं. “खरं किती वाजता? प्रत्येक दिवशी.”

आत्या फाटकावर गेली आणि पहारेकऱ्याची वही मागून घेऊन आली. दोन वह्या शेजारी ठेवून दोघी बसल्या. तेहतीस नोंदी निघाल्या. ज्या दिवशी बस लवकर मिळाली होती आणि पेशींना तासभर मिळाला होता, त्या दिवशी ठिपके जरातरी हलले होते. ज्या दिवशी बस चुकली, त्या दिवशी ठार थांबलेले. ओळीने, एकामागून एक, सगळं जुळत गेलं. धांदलचं बोट कागदावरून पळायला लागलं.

“त्या उपाशी होत्या,” ती म्हणाली. “आत्या, आतली गर्दी तेवढीच आहे. गर्दीने ठिपके अडत नाहीयेत. पेशी खाते, कामं करते, आत सगळं सारखं हलत राहतं, म्हणून मोठ्या रेणूला वाट मिळते. उपाशी पेशी आक्रसून गप्प बसली की तोही बसतो. तुमचं ते कपाट. घरातली माणसंच हलायची थांबली तर ते कुठलं हलणार?”

आत्या “हं” म्हणाली. तिला घरातली, नवऱ्याची खिडकीजवळची खुर्ची आठवली आणि तिने ती मनातून बाजूला सारली.

सरांना तिने स्वतःच सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावले असते तर बरं, पण ते फक्त इतकंच म्हणाले की आत्या, मला सांगितलं असतं तर त्या दोन दिवशी आपण बाराऐवजी तीन वाजता बघितलं असतं. इतकं सोपं होतं ते. मग त्यांनी वही जवळ ओढली. तेहतीसही ओळींवर एक-एक रेघ मारून खरी वेळ लिहायची आणि सही करायची, असं ठरलं. आणि यापुढे, सर टेबलाकडे बघत म्हणाले, प्रत्येक नोंदीखाली दुसऱ्या कुणाचीतरी सही लागेल.

“बरोबर आहे,” आत्या म्हणाली.

दुपारभर बसून तिने तेहतीस रेघा मारल्या. पट्टी घेऊन, सरळ. धांदलने तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि स्वतःलाही घेतला, चार महिन्यांनी.

शुक्रवारी उशिरा खाल्लेल्या पेशींतले ठिपके पुन्हा थांबले, पण सर म्हणाले, जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे. चांगल्या, पोटभर खाल्लेल्या पेशी घ्या. काचेखाली असतानाच त्यांचं खाणं काढून घ्या. ठिपके थांबले, तर परत द्या. परत चालले, तर मग कमिटीपुढे मी स्वतः बोलतो.

शनिवारी संस्थेत शुकशुकाट होता. धांदल पडद्यापुढे बसली. काचपट्टीत एक बारीक पाट होता. एका बाजूने सिरिंजने नवा काढा सोडला की जुना काढा वाहून जायचा आणि पेशी जागेवर राहायच्या. सिरिंज धरायला स्थिर हात लागतो, म्हणून ते काम आत्याकडे आलं. दोन सिरिंजा भरून ठेवलेल्या होत्या. एकीत साखरेचा काढा, एकीत बिनसाखरेचा.

“सोडा,” धांदल म्हणाली.

आत्याचा अंगठा हलला नाही. एकतीस वर्षांत तिने या पेशी जळू दिल्या नव्हत्या, गोठू दिल्या नव्हत्या. त्यांचं ताट पुढून ओढून घ्यायचं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. गेले चार महिने तेच तर केलं आपण, तिच्या मनात आलं, फक्त तेव्हा बघायला थांबलो नाही. तिने अंगठा दाबला.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. ठिपके हुंदडतच होते. मग त्यांच्या फेऱ्या आखूड होत गेल्या. एक थांबला, शेजारचा थांबला. पाव तासाने पडद्यावर सगळीकडे नुसती थरथर उरली. धांदल हळू आवाजात मोजत होती, लिहून घेत होती. आत्याने दुसरी सिरिंज उचलून तळहातात धरली, काढा गार राहू नये म्हणून.

“देऊ?”

“नाही आत्या. अजून दहा मिनिटं. खात्री व्हायला हवी.”

ती दहा मिनिटं आत्या बसून राहिली. नजर तिने हलवली नाही. पडद्याचा हिरवा उजेड तिच्या चष्म्यावर पडला होता, आणि तिचे ओठ अधूनमधून हलत होते, तापलेल्या पोराच्या उशाशी बसलेल्या बाईचे हलतात तसे.

“आता,” धांदल म्हणाली.

आत्याने काढा सोडला, अगदी सावकाश. एक मिनिट गेलं. तीन गेली. चौथ्या मिनिटाला डावीकडच्या पेशीतला एक ठिपका जागचा सुटला, थोडा पुढे गेला, अडला, पुन्हा सुटला. त्याच्या मागून दुसरा. धांदलने आत्याचा गुडघा गच्च दाबून धरला, आणि दोघींनी पडद्यावरून डोळे न काढता तो सगळा घोळका पुन्हा घरभर फिरायला लागेपर्यंत बघितला.

मग आत्याने टेबलाचा छोटा दिवा लावला आणि वही उघडली. खाणं काढलं ती वेळ. खाणं दिलं ती वेळ. सही. वही तिने फिरवून धांदलपुढे सरकवली आणि पेन दिलं. धांदलचं अर्धं लक्ष अजून पडद्याकडेच होतं. न बघताच ती दुसऱ्या सहीच्या जागी पेन टेकवायला गेली.

आत्याने त्या ओळीवर तळहात ठेवला.

“आधी घड्याळ बघ,” ती म्हणाली.

धांदलने मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळातले लाल आकडे तिने नीट पाहिले, आपल्या कागदावरच्या वेळांशी ताडले, दोन्ही वेळा मोठ्याने वाचल्या. तेव्हा कुठे आत्याने हात उचलला.